बळदातलं वारूळ

मी मॅट्रिक झाले त्याच वर्षी मराठवाड्यात नामांतराची दंगल झाली. मला परभणीला डी.एड.ला घालायचं वडिलांनी जवळजवळ ठरवलं होतं. माहेर पिंगळीचं. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं, एवढी साधी गोष्ट होती ती. पण एसट्या बंद पडल्या, गाड्यांचा भरवसा राहिला नाही, आणि वडील म्हणाले, "पोरीला बाहेर धाडायचे दिवस न्हाईत हे." जळाली होती ती दलित वस्त्यांमधली घरं. जाळणाऱ्यांत आमच्यासारख्याच घरांमधली माणसं होती. भीती मात्र आमच्या घरानं धरली आणि कडी लागली ती मला. हे सगळं तेव्हा कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. कळत होतं, पण बोलले नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

सासर ताडकळसहून चुडाव्याकडे जाताना आत लागणाऱ्या एका गावात. घर माळवदाचं, म्हणजे सागाच्या खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. खालून थंडगार आणि अंधारं, वरून सपाट अंगणासारखं. घरची एकच रीत मला पहिल्या दिवशी सांगण्यात आली, ती म्हणजे सुनेनं घराबाहेर, वेशीबाहेर पाऊल टाकायचं नाही. शेतावर गडी होते, बाजार पुरुष करत. आड परसात, आडोसाही परसातच, त्यामुळे बाहेर पडायला कारणच शिल्लक ठेवलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. सासूबाई जीव लावत. नवरा तर इतका गरीब स्वभावाचा, की मी काही विचारलं की म्हणायचा, "दादांना ईचारून सांगतो." आणि दादांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, विचारायचा धीर त्याला सहा महिन्यांतून एकदा व्हायचा. अशा घरात भांडावं तरी कुणाशी? मी आतल्या आत धुमसत राहिले.

माहेराहून येताना मी एक लाकडी पेटी आणली होती. तिच्यात चार लुगडी, आईनं विणलेलं तोरण आणि सगळ्यांत तळाशी, फडक्यात गुंडाळलेलं माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट आणि मार्कशीट. ती पेटी बळदात ठेवली गेली. बळद म्हणजे घरातली धान्याची खोली, खिडकी नसलेली, दिवसाही कंदील घेऊन आत जावं लागे. सर्टिफिकेट पेटीत आहे हे मला ठाऊक होतं, आणि बाकी कुणाला त्याची आठवण राहू नये अशी मी काळजी घेतली होती. शिकलेली सून म्हणून टोमणे ऐकायची मला हौस नव्हती. पण तो कागद आहे, एवढ्यावर मी दिवस ढकलत होते.

वर्षात एक दिवस मात्र वेस उघडायची, तो पंचमीचा. गावाबाहेर आमचाच एक माळ होता, तीस-पस्तीस एकरांचा, कुसळीच्या गवताचा, मधेमधे तरवडाची आणि बोरीची झुडपं. गावची गुरं तिथंच चरत. त्या माळाच्या मधोमध एक वारूळ होतं. माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं, चार-पाच उंच शेंडे असलेलं, हात लावला तर दगडासारखं घट्ट. नागपंचमीला गावातल्या साऱ्या बायका, सासुरवाशिणी, माहेरवाशिणी, म्हाताऱ्या, तिथं जात. त्या दिवशी पुरुषानं बरोबर यायचं नाही हीसुद्धा रीतच होती. आम्ही लाह्या वाहायचो, दूध ठेवायचो आणि मग फेर धरायचो. सुरुवातीला देवाची गाणी, मग नवऱ्यांची टिंगल, मग सासवांची, आणि सासवाच त्यात सर्वांत पुढे. दिवस कलेपर्यंत कुणाला घराची आठवण यायची नाही.

त्या माळावर मी खाली बघत चालायचे, कारण तिथली जमीन नुसती जमीन नव्हती. डोंगळ्यांच्या बिळांभोवती कुसळांचं आणि फोलपटांचं गोल कडं असायचं, कुणी झाडून काढल्यासारखं. वाळलेला शेणाचा पो पालथा केला की खाली मातीचं लिंपण आणि त्यात पांढरी उधई, म्हणजे वाळवी, लगबगीनं आत पळताना दिसायची. पडलेली काटकी उचलली तर हातात सालच यायची, आतलं सगळं खाऊन फस्त. गुरांनी टाकलेलं, झाडांनी गाळलेलं सारं ही उधई खाली नेत होती. कुणाच्या घराकडे ती कधी फिरकल्याचं मी ऐकलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षांनी रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात एका माणसानं सांगितलं, की उधईला माळावर पोटभर असतं तोवर ती माणसाच्या वाटेला जात नाही. मी तेव्हा पीठ मळत होते. मनात म्हटलं, हे जरा आधी सांगितलं असतं तर.

माझ्या लग्नानंतर तीनेक वर्षांनी कॅनालची चारी, म्हणजे पाण्याचा फाटा, आमच्या शिवारात आली. पाणी येणार म्हटल्यावर सासऱ्यांना तो माळ डोळ्यांत खुपायला लागला. गवत विकून काय मिळतं, ऊस लावू, असं सुरू झालं. माळ सपाट करायला बुलडोझर आला. मी ते सारं माळवदावरून पाहिलं. कुरडया वाळत घालायच्या निमित्तानं मी वर जात असे, आणि तिथून माळ पुरता दिसायचा. दोन दिवस बुलडोझर वारुळाच्या भोवतीनं फिरला. ड्रायव्हर मुलखाबाहेरचा होता, तरी वारुळाला पातं लावायला तयार होईना. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः नारळ फोडला आणि त्याला सांगितलं, "चालू दे. नाग आता कॅनालात पवायला शिकंल." हे वाक्य त्यांनी घरी येऊनही हसत हसत सांगितलं. सासूबाईंनी त्या दिवशी जेवणाला हात लावला नाही.

वारूळ पडलं ते एका दणक्यात नाही. वरचे शेंडे गेले, मग पोट फुटलं, मग खालची माती वर आली. तिच्यावर साळुंक्या, कावळे, बगळे असे तुटून पडले की दिवसभर ती जागा हलताना दिसत होती. संध्याकाळी गडी सांगत होता, "लय खोल व्हतं वैनी. आत मधाच्या पोळ्यावाणी गोळेच्या गोळे निगाले. नाग बीग काय न्हाई, नुसती उधईच उधई." ते मी सासूबाईंना सांगितलं नाही. मला स्वतःलाही नागाचं फारसं पडलं नव्हतं. मला पडलं होतं ते पंचमीचं. वारूळ नाही तर जायचं कुठं?

उत्तर त्या श्रावणात मिळालं. सासूबाईंनी भिंतीवर गंधानं नाग काढला, घरीच लाह्या वाहिल्या, पुरणाची दिंडं उकडली. दुपारी मी माळवदावर जाऊन पाहिलं. माळाच्या जागी चिखल होता आणि उसाच्या सऱ्यांतून पाणी चकाकत होतं. मी तिथंच बसून रडले. कुणी गेलं म्हणून माणूस रडतं, मी मातीच्या एका ढिगासाठी रडत होते. तो ढीग होता म्हणून वर्षातनं एकदा मला माणसांत घेत होते, आणि आता तेही संपलं होतं.

सासऱ्यांच्या उसाचं मात्र मनासारखं झालं नाही. पहिल्या वर्षी निम्मं बेणं उगवलंच नाही. उकरून पाहिलं तर कांड्यांची तोंडं मातीनं बुजलेली, आतला गर गायब. माळावरचं गवत गेलं, शेण गेलं, काटक्या गेल्या. उधईला जे मिळालं ते तिनं खाल्लं. जिथं पाणी साचत होतं तिथली मेली असेल, पण चारीच्या बांधाला आणि उंचवट्याला धरून ती तगली होती. सासरे पुन्हा बेणं लावत, पावडर टाकत, शिव्या देत. पण हळूहळू त्यांचा आवाज बसला. कॅनालात पोहणाऱ्या नागाचा विनोद त्यांनी पुन्हा केला नाही. गावात कुणी वारुळाचा विषय काढला की ते उठून जात.

आणि मग उधई घरात आली. ती माळावरची होती का दुसरीच कुठली, हे मला सांगता येणार नाही. आधी भिंतीवर मातीच्या बारीक रेषा दिसल्या, त्या मी रोज झाडूनं पुसायचे. मग दोन-तीन वर्षांत बळदाच्या कोपऱ्यात, कणग्यांच्या मागं, जमिनीतून मातीचा एक उंचवटा वर यायला लागला. मला वाटलं उंदरांनी उकरलं असेल. सासूबाईंनी कंदील धरून पाहिलं आणि कंदील खाली ठेवून हात जोडले. "चालत आला ग बाई," त्या म्हणाल्या. "आपुन त्याचं घर मोडलं, त्यो आपल्या घरी आला." त्यांनी तिथंच बसून हळद-कुंकू वाहिलं. आणि सांगून टाकलं, की या कोपऱ्यातली कोणतीही वस्तू हलवायची नाही, ओढायची नाही, झाडूसुद्धा लावायचा नाही.

बातमी गावभर झाली. त्या पंचमीला बायका आमच्या घरी आल्या. तीस-चाळीस जणी, एकामागून एक बळदात वाकून आत जात, लाह्या वाहत, आणि मग परसात फेर धरला. किती वर्षांनी मी त्या हातांमध्ये हात घातले. शेजारची वहिनी, जिच्याशी मी एरवी भिंतीवरून दोन शब्द बोलायचे, ती माझ्या गळ्यातच पडली. मला बाहेर जाता येत नव्हतं, तर सारं गाव आत आलं होतं. मी इतकी खूश होते की दिंडं उकडताना हात भाजला तरी कळलं नाही.

आठच दिवसांत सासऱ्यांनी ताडकळसच्या बाजारातून उधई मारायच्या पावडरीचा डबा आणला. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. बळदातली फळी पोखरली होती, उद्या तुळई खाईल, परवा माळवद खाली येईल. सासूबाई रडत होत्या आणि ते ऐकत नव्हते. डबा घेऊन ते बळदाच्या उंबऱ्यापाशी आले. तिथं मी उभी होते. सासऱ्यांशी मी तोवर कधी समोरून बोलले नव्हते. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि म्हणाले, "मामाजी, आत फुसकारा ऐकू आला."

ते थांबले. मी पुढे म्हणाले, "काल बी आला व्हता. मी भ्याले म्हणून बोलले न्हाई." एवढं खोटं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले, आणि ते इतकं सहज निघालं की माझी मलाच गंमत वाटली. ऊस खाल्ला गेल्यापासून सासऱ्यांच्या मनात जे घर करून बसलं होतं, त्यालाच माझा शब्द लागला. त्यांनी डबा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तो गड्याबरोबर शेतावर गेला.

तेव्हापासून वारुळाची राखण माझ्याकडे आली. फुसकारा मलाच ऐकू आला होता ना. रोज सकाळी मी त्याच्यापुढे दिवा लावायचे, वाटीभर दूध शिंपडायचे, सोमवारी पाण्याचा सडा. त्या ओलीनं आणि अंधारानं ते चांगलं पोसलं. चार वर्षांत ते माझ्या कमरेला आलं. बायका आता पंचमीलाच नाही, एरवीही नवस बोलायला येत, आणि आल्या की घटकाभर माझ्यापाशी टेकत. प्रत्येक नवीन बाईला मी फुसकाऱ्याची गोष्ट सांगत असे, आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडत असे. माझी लाकडी पेटी वारुळाला लागूनच होती. ती हलवायची नव्हती. मधूनमधून मी वरूनच हात फिरवायचे. लाकूड गुळगुळीत, कुलूप जागेवर. मनाला तेवढं पुरत होतं.

विद्यापीठाच्या नावाचं भांडण अजून मिटलं नव्हतं, त्या काळातली पुढची गोष्ट. गावात अंगणवाडी मंजूर झाली. सेविका गावातलीच हवी आणि मॅट्रिक झालेली असेल तर फारच उत्तम, असं ग्रामसेवकानं चावडीवर सांगितलं. ते ऐकून माझा नवरा घरी आला आणि पहिल्यांदाच मी काही न विचारता आपणहून म्हणाला, "तू मॅट्रिक हायेस न्हवं?" मी भाकरी थापत होते. म्हणाले, "हाय." तो म्हणाला, "दादांना ईचारू?" मी म्हणाले, "आजच ईचारा. सहा महिने लावू नका."

त्यानं विचारलं, हे त्याच्या नावावर मी कायमचं जमा केलं आहे. सासऱ्यांनी दोन दिवस घेतले. मग अट घालून हो म्हणाले. अंगणवाडी आमच्याच ओसरीवर भरायची, सुनेनं दुसऱ्याच्या दारात जायचं नाही. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण नवऱ्यानं एक गोष्ट आधीच सांगितली होती. महिन्यातनं एकदा सेविकांची मीटिंग ताडकळसला असते. एसटीनं जायचं, दिवसभर बसायचं, एसटीनं परत. मला पगाराचं काही नव्हतं, मुलांना शिकवायची तरी कितपत हौस होती देव जाणे. मला ती एसटी हवी होती. महिन्यातून एक दिवस खिडकीजवळ बसायला मिळावं आणि कंडक्टरनं मला कुठं जायचं ते विचारावं, एवढं मला हवं होतं. दहा वर्षं मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता.

पंचायत समितीच्या बाई बुधवारी कागद बघायला येणार होत्या. सोमवारी दुपारी, सासूबाई पडल्या होत्या तेव्हा, मी कंदील घेऊन बळदात गेले. देवाला हात जोडले, क्षमा मागितली आणि पेटीचं कुलूप काढलं. झाकण उचललं तर ते बिजागरीसकट हातात आलं. वरून जी गुळगुळीत फळी होती ती आतून कागदाएवढी पातळ राहिली होती. पेटीत लुगडी नव्हती. जिथं लुगडी होती तिथं त्याच आकाराची माती होती. मी ती दोन्ही हातांनी उपसत गेले. तळाशी फडक्याचा एक कोपरा सापडला. त्याच्यात मातीचे पापुद्रे, आणि पापुद्र्यांत अडकलेला, नखाएवढा, गोल शिक्क्याचा जांभळा तुकडा. बोट लावताच तोही गेला. उधई माझ्या बोटांवरून, बांगड्यांवरून चढत होती आणि मला ती झटकायचंही सुचत नव्हतं.

माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण सासूबाई धावत आल्या. मी सारं सांगितलं. म्हणाले, "दुसरा कागद काढता येतो आत्याबाई. शाळेत अर्ज करायचा. महिना लागंल. तेवढं बाईंना सांगू." सासूबाईंनी पेटीकडे पाहिलं, वारुळाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. कोडं सुटल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा झाला होता. "दुसरा कशाला काढायचा?" त्या म्हणाल्या. "त्याच्या मनात न्हाई पोरी. त्यानं कागद खाल्ला. तुला जाऊ देयाचं न्हाई त्याला. लय माया करतो तुझ्यावर."

संध्याकाळपर्यंत घरात निर्णय झालेला होता. सासरे म्हणाले, देवाच्या मनाविरुद्ध एकदा जाऊन पाहिलं, पुन्हा नको. नवऱ्यानं मान खाली घातली. माझा नवरा देवाशी भांडणारा नव्हताच, तो दादांशीसुद्धा भांडत नव्हता. मी रात्रभर विचार केला आणि एकाच गोष्टीपाशी येत राहिले. हा देव मी केलेला होता. फुसकारा माझ्या तोंडातून निघाला होता, दुसरीकडून कुठूनही नाही. तो मागं घ्यायचा एवढंच माझ्या हातात होतं.

मंगळवारी सकाळी शेजारची वहिनी दिव्याला तेल घेऊन आली होती. दोघी समोर असतानाच मी बोलले. "आत्याबाई, आत नाग न्हाई. मी फुसकारा ऐकला न्हाई. मी खोटं बोलले व्हते."

"का म्हणून?" सासूबाईंनी विचारलं.

"पंचमीला बायका यायच्या म्हणून. मामाजींनी पावडर टाकली असती तर कुणी आलं नसतं."

वहिनीनं तेलाची वाटी खाली ठेवली. मग सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "नोकरीपायी देवालाबी खोटं करायलीस?" आणि वहिनी, जी त्या पहिल्या पंचमीला माझ्या गळ्यात पडली होती, ती म्हणाली, "असं बोलू नगंस ग. तुला न्हाई आला ऐकू तर न्हाई. मला आलाय. दोनदा आलाय. आमच्या म्हातारीलाबी आलाय. आमी सगळ्यांनी ऐकलाय की."

मला त्या क्षणी भयंकर राग आला. तिचा, सासूबाईंचा, आणि सर्वांत जास्त माझा. परसात भिंतीला टेकून लोखंडी पहार होती. ती मी उचलली आणि बळदात गेले. मला अडवायला सासूबाई मागं आल्या, पण उंबऱ्यावरच बसल्या. वहिनी तोंडावर पदर धरून निघून गेली. पहिला घाव वारुळावर नुसता वाजला. दुसऱ्याला कपची निघाली. मग मी घालतच राहिले. जे पुरुषांना दिवसभर लागलं असतं ते मी तासाभरात केलं असेल. आत पोकळ्याच पोकळ्या होत्या, आणि प्रत्येक पोकळीत गड्यानं सांगितलेले ते तपकिरी गोळे, हलके, भोकाभोकांचे. उधई ओसंडून वाहत होती. पाय चावून काढत होती. जमिनीच्या खाली हातभर गेल्यावर पहार एका घट्ट ढेकळावर बसली. खोबऱ्याच्या वाटीएवढं ढेकूळ. ते फुटलं आणि आत ती होती.

माझ्या बोटाएवढी, पांढुरकी, फुगलेली, पुढे एवढंसं डोकं, उधईची राणी. तिला हलता येत नव्हतं, नुसती आतल्या आत लाटेसारखी होत होती. बारक्या उधया तिला चाटत होत्या, भरवत होत्या, तिची अंडी उचलून नेत होत्या. मी कंदील जवळ धरून त्या ढेकळाच्या भिंती पाहिल्या. बारक्यांना जायला बारीक भोकं होती. ती स्वतः बाहेर पडेल एवढं एकही भोक नव्हतं. तिची मला दया यायला हवी होती, असं कुणी म्हणेल. मला दया आली नाही. हिनं माझा कागद खाल्ला नव्हता, हिला तर कुणीतरी भरवत होतं, हेही मला दिसत होतं. तरी माझा राग गेला नाही. मी पहार बाजूला टाकली आणि सासूबाईंना म्हणाले, "या. बघा. नाग हाय का बघा."

त्या उठल्या. कंदील हातात घेतला. खड्ड्यात वाकून कितीतरी वेळ पाहिलं. कोपरा न कोपरा पाहिला. मला वाटलं, आता पटेल. डोळ्यांनी बघितलेलं कुणाला नाकारता येतं?

"गेला," त्या म्हणाल्या. "तू खोटं बोललीस म्हणून गेला."

मी खोटं बोलले, एवढं शेवटी त्यांना पटलं होतं. पण कोणतं खोटं, त्यावरून आमचं जुळलं नाही ते जुळलंच नाही. त्या खड्ड्याशी बसून त्या रडल्या, आणि मला रडायलाही जागा राहिली नाही. दुपारी सासऱ्यांनी गड्याकरवी खड्ड्यात पावडर टाकून वर मुरूम दाबला. मला कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. आठ दिवसांनी पंचमी होती. आमच्या दारात एकही बाई आली नाही, आणि त्यानंतर कुठल्याच पंचमीला आली नाही.

पण त्याआधी तो बुधवार आला. पंचायत समितीच्या बाई अकराच्या एसटीनं आल्या, खांद्याला पर्स, पायात साध्या चपला, माझ्याच वयाच्या असतील. ओसरीवर सासरे आणि माझा नवरा बसले होते. मी आत चहा टाकला. दाराच्या फटीतून मला त्यांचा पदर तेवढा दिसत होता. बाईंनी विचारलं, "या घरात मॅट्रिक झालेली सून आहे, असं ग्रामसेवक म्हणत होते. कागद बघायचे होते."

सासरे म्हणाले, "न्हाई बाई. कुनीतरी चुकीचं सांगितलंय तुमाला. आमच्यात बाया शिकलेल्या न्हाईत."

नवरा चपलेचा पट्टा सारखा करत बसला. दार अर्धं लोटलेलं होतं. बाहेर जायला मला दोन पावलं टाकायची होती. पण हातात काय घेऊन जाणार होते? मी मॅट्रिक आहे असं म्हटलं असतं, तर ते नुसतं माझं म्हणणं झालं असतं, आणि माझ्या म्हणण्याची त्या घरात काय किंमत राहिली होती ते मी आदल्याच दिवशी पाहिलं होतं. मी चहा गाळला. कपबशा ताटलीत मांडल्या आणि दारातूनच नवऱ्याच्या हाती दिल्या.

बाईंनी चहा घेतला. कप खाली ठेवताना म्हणाल्या, "चहा फार छान झालाय हो."

सासरे खूश झाले. म्हणाले, "आमच्या सुनंनं केलाय."